भाविकांचा नकार

आमच्या आजोळी परसदारच्या वळचणीला एक कपबशी खोचलेली असे. कपाचा कान तुटलेला, बशीची कड उडालेली. गावकुसाबाहेरून कामाला येणाऱ्या गड्याने चहाच्या वेळी ती स्वतः काढायची, स्वतः विसळायची, आजीने वरून चहा ओतायचा आणि पिऊन झाल्यावर त्याने ती पुन्हा तिथेच खोचायची. आजी माळकरी. एकादशी कधी चुकवली नाही, आषाढीला पायी जायची, हरिपाठ तोंडपाठ. चहा ओतताना तिच्या तोंडी विठ्ठलाचंच नाव असे. आजी गेल्यावरही कपबशी तिथेच होती. पुढे घर पाडलं, तेव्हा ती कुठे गेली कुणाला माहीत नाही.

धर्माने माणूस न्यायी होतो, असं म्हणणाऱ्यांना ती कपबशी दाखवावी. आणि धर्म म्हणजे अन्यायाची खाण, असं म्हणणाऱ्यांना फ्रान्समधलं ल शाँबों हे गाव दाखवावं, ज्याची हकिगत पुढे येईल. दोन्ही खरं आहे, म्हणून तर हा प्रश्न अवघड. एकच प्रार्थना म्हणणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एक दार उघडतो आणि दुसरा आतून कडी घालतो. असं का होतं? संतांची आणि हुतात्म्यांची चरित्रं पुष्कळ आहेत. मला पाहायचं आहे ते स्वयंपाकघरातलं, दुकानाच्या गल्ल्यावरचं, चर्चच्या बाकावरचं, मठाच्या ओसरीवरचं काम. ‘शांत’ आणि ‘गप्प’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. आजी गप्प होती. हा लेख शांत माणसांबद्दल आहे.

घरापासून सुरुवात करायची तर पंढरपूर. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढची सहाशे वर्षं वारकरी त्या समाधीला हात जोडून आत जात राहिले आणि चोखोबाच्या जातीची माणसं समाधीपाशीच थांबत राहिली. वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडत, पण गावी परतल्यावर पाणवठे वेगळेच. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा त्यांना दिसलं की एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. पाय एका वाटेवर, हात वेगवेगळ्या ताटांत. समतेचे अभंग शतकानुशतकं गाऊनही हे असं, म्हणजे गाण्याने सगळं भागत नाही.

साने गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. मागणी एकच होती, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा. बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. पाठ्यपुस्तकात हे वाक्य आलंच तर ओझरतं येतं. मला ते या सगळ्या प्रकरणातलं फार मोलाचं वाटतं. मठ चालतो वारकऱ्यांच्या शिध्यावर, आणि वारकऱ्यांतलेच कितीतरी जण मंदिरप्रवेशाच्या विरोधात होते. अशा वेळी ओसरी मोकळी करून देणं म्हणजे आपल्याच माणसांचा रोष अंगावर घेणं. त्यासाठी भाषण करावं लागत नाही. सतरंजी अंथरावी लागते, पाणी भरून ठेवावं लागतं आणि दारात येऊन वाद घालणाऱ्याला ‘ते इथेच बसतील’ एवढं सांगावं लागतं.

गुरुजींनाही आपल्याच माणसाला नाही म्हणावं लागलं. गांधीजींपर्यंत पंढरपूरची हकिगत वेगळ्या रंगात पोचली होती आणि त्यांनी तारेने उपोषण सोडायला सांगितलं. गांधींना देव मानणाऱ्या या माणसाने ती सूचना मानली नाही. पुढे दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांशी बोलणी झाली, १० मे रोजी उपोषण सुटलं आणि मंदिराची दारं उघडली. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. याच्या १७ वर्षं आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. तोही शांततेचाच होता, तोही भाविकांचाच होता, रामाच्या दर्शनासाठी होता. साधारण पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते लाखोंसह बौद्ध झाले.

एकीकडे दहा दिवस, दुसरीकडे पाच वर्षं. हा फरक निष्ठेचा नाही. उपासाची भाषा समोरच्याला कळायची तर उपाशी माणूस त्याला आपला वाटावा लागतो. गुरुजी ब्राह्मण कुळातले. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर पंढरपूरच्या माथी पाप आलं असतं. काळारामाच्या दारात पाच वर्षं उन्हातान्हात उभ्या राहिलेल्यांचं पाप कुणाच्या माथी बसलं नाही. शांत प्रतिकारावर लिहिणाऱ्याने ही गोष्ट आधी कबूल करावी आणि मगच पुढे जावं. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला ‘शांतपणे घ्या’ असं सांगण्याचा अधिकार इतरांना नाही. इतरांनी पाहायचं ते इतकंच, की त्या अन्यायात आपला हात कुठे लागतोय. आणि नागपुरात जे झालं तेही एका अर्थी भाविकांचा नकारच होता. लोकांनी देव्हाऱ्यातले देव उचलले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची कामं नाकारली. श्रद्धा टाकून दिली नाही, दुसरी धरली.

‘आपला हात कुठे लागतोय’ हा प्रश्न ज्याने आयुष्यभर स्वतःला विचारला, असा एक शिंपी अठराव्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. जॉन वुलमन त्याचं नाव, क्वेकर पंथाचा. तरुणपणी तो एका दुकानात हिशेब लिहायला होता. एक दिवस मालक म्हणाला, मी माझी गुलाम बाई विकली आहे, खरेदीखत लिहून दे. गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेही क्वेकरच, वयस्क गृहस्थ. वुलमनने खत लिहून दिलं. लिहून झाल्यावर दोघांच्या तोंडावर सांगितलं की गुलाम बाळगणं हे ख्रिस्ती धर्माशी जुळतं असं मला वाटत नाही. पण खत लिहिलं होतं. ती सल त्याला आयुष्यभर पुरली. पुन्हा असा कागद लिहायची पाळी आली तेव्हा त्याने लेखणी खाली ठेवली. कुणाचं मृत्युपत्र लिहायला बोलावलं आणि त्यात गुलाम मुलांच्या नावे करायचे असले, तर तो नम्रपणे म्हणे की हे माझ्याच्याने होणार नाही. प्रवासात गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी उतरला तर तिथल्या गुलामांना त्यांच्या कष्टाचे पैसे देऊन निघे. पाहुणाच यजमानाच्या घरात मजुरी वाटू लागल्यावर त्या यजमानाचं तोंड कसं होत असेल!

वुलमनची गोष्ट सांगताना क्वेकरांचा फार गौरव करायचं कारण नाही. १६८८ साली जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक अर्ज लिहून आपल्या पंथाच्या सभेपुढे ठेवला होता. या सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वरच्या सभेकडे, आणि तिथे तो बासनात गेला. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना बाहेरची वाट दाखवायचं ठरवलं ते १७७६ साली. मधे ८८ वर्षं गेली. त्या ८८ वर्षांत वुलमनसारखी माणसं घरोघर जाऊन, एकेका कुटुंबाशी, आवाज न चढवता बोलत राहिली. १७७२ मध्ये वुलमन वारला, त्याला तो ठराव पाहायला मिळाला नाही.

यातूनच पुढे एक हत्यार निघालं आणि ते स्वयंपाकघरात होतं. १७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं विधेयक फेटाळलं, तेव्हा तिथल्या घराघरांतून वेस्ट इंडिजची साखर बंद झाली. चळवळीतला कार्यकर्ता क्लार्क्सन याच्या अंदाजाने ३ लाख लोकांनी ती सोडली. मताचा अधिकार नसलेल्या बायका चहात साखर घालायची की नाही हे तर ठरवू शकत होत्या. पुढे १८२० च्या दशकात लेस्टरची एलिझाबेथ हेरिक दारोदार फिरून हेच सांगत होती. तेव्हा साखरेची खास भांडी निघाली. त्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे त्या शुद्ध चहात आपलाही वाटा होता. कंपनीच्या राज्यात इथल्या रयतेचं काय चाललं होतं, हे मात्र त्या भांड्यावर लिहिलेलं नसे. बहिष्काराचं हे असंच असतं. एक हात धुवायला गेलो की दुसरा मळलेला दिसतो. म्हणून कुणी हात धुवायचंच सोडलं नाही, हे बरं झालं.

आता ल शाँबों. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावरचं हे गाव, थंडीत बर्फाने वेढलेलं. कॅथलिक देशातली ही प्रोटेस्टंट वस्ती. १६८५ मध्ये राजाने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं, तेव्हापासून शंभर वर्षं यांच्या पूर्वजांनी रानात लपून प्रार्थना केल्या होत्या. याच मुलखातली मारी द्युराँ १९ वर्षांची असताना, १७३० साली, एग-मोर्तच्या बुरुजात कैद झाली. भाऊ धर्मोपदेशक, हा तिचा गुन्हा. ‘मी माझा पंथ सोडते’ एवढं म्हटलं असतं तर तिला सोडून दिलं असतं. ती ३८ वर्षांनी सुटली. त्या बुरुजातल्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला आहे, शुद्धलेखनाची चूक करून, आणि परंपरेने तो तिच्याच नावावर सांगितला जातो. ल शाँबोंच्या पोरांनी ही गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकलेली. आमच्याकडे चोखोबाची ऐकतात तशी, पण एक फरक होता. आम्ही चोखोबाची गोष्ट ऐकली ती दाराच्या आतल्या बाजूने, त्यांनी मारीची ऐकली ती कोठडीच्या आतून.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीपुढे गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गावचे पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी चर्चमध्ये सांगितलं की बळजबरी होईल तेव्हा आपण आत्म्याच्या शस्त्रांनी तिला तोंड द्यायचं. ही शस्त्रं नेमकी कोणती, ते लोकांना हळूहळू कळत गेलं. त्या पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाद्रीबाईंच्या, माग्दा त्रोक्मे यांच्या दारावर थाप पडली. बाहेर बर्फात एक जर्मन ज्यू बाई उभी. माग्दाबाईंनी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं, तिचे भिजलेले जोडे भट्टीत वाळत घातले आणि तिच्या कागदपत्रांसाठी मेयरकडे गेल्या. मेयर म्हणाला, उद्या सकाळी ही बाई गावाबाहेर गेली पाहिजे, एका परकीसाठी सगळं गाव धोक्यात घालणार का? माग्दाबाई घरी येतात तो जोडे जळून गेलेले. युद्धात जोडे मिळायचे कुपनावर. आता आधी जोडे शोधायचे, मग रात्रीत दुसरं घर शोधायचं. पहिल्या दिवशी ‘आत्म्याचं शस्त्र’ ते एवढंच होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी जोड्यांची एक जोडी.

पुढच्या चार वर्षांत या पठारावर काही हजार निर्वासित लपले. त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते, मुलं पुष्कळ. नेमक्या आकड्यावर इतिहासकारांचा वाद आहे आणि तो चालू राहो. शेतकऱ्यांनी गोठ्यावरच्या माळ्यांत माणसं ठेवली, शाळेने मुलं पटावर घेतली. रीगाहून आलेल्या कुटुंबातला ऑस्कार रोसोव्स्की हा तरुण मुलगा शेतावर बसून खोटी ओळखपत्रं करत असे. छाप्याची कुणकुण लागली की पाद्र्याच्या घरी निनावी फोन येई आणि पाहुणे रानात पांगत. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये १३ हजारांवर ज्यूंची धरपकड झाली. पुढच्याच महिन्यात सरकारचा मंत्री युवकांच्या कार्यक्रमासाठी गावात आला, तेव्हा मोठ्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हाती पत्र दिलं की आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद मानत नाही आणि त्यांना न्यायला आलात तर आम्ही लपवू. थोड्याच दिवसांत पोलिस बसगाड्या घेऊन आले. त्रोक्मेंकडे यादी मागितली. त्यांनी ती दिली नाही. गाड्या रिकाम्या आल्या आणि जवळजवळ रिकाम्याच गेल्या.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेस आणि शाळेचे मुख्याध्यापक दार्सिसाक यांना अटक झाली. पकडायला आलेल्या पोलिसांनाही माग्दाबाईंनी जेवायला वाढलं. गावकरी एकेक करून आले आणि पाद्र्याच्या हाती काही ना काही देऊन गेले. कुणी सार्डिनचा डबा, कुणी मेणबत्ती, कुणी गरम मोजे. टंचाईच्या दिवसांत लोकांनी सांदीकोपऱ्यात जपून ठेवलेल्या वस्तू त्या. आपल्याकडे वारीला निघालेल्याच्या झोळीत शेजारणी चटणी-भाकरी घालतात, तसंच. महिन्याभराने तिघे सुटले. सगळे सुटले नाहीत. त्रोक्मेंचा नातलग दानिएल विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावरच्या छाप्यात मुलांबरोबर पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मेला. गावचे डॉक्टर ल फोरेस्तिए यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. १९९० साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने सबंध पठारालाच सन्मान दिला. म्हातारे गावकरी त्यावर संकोचले. दार वाजलं, उघडलं, यात विशेष काय, असं त्यांचं म्हणणं.

विशेष होतं. शेजारच्या कित्येक गावांतही चर्च होतं, बायबल होतं, दारं होती. शाँबोंत तीन गोष्टी जुळल्या असं मला वाटतं. आपले पूर्वजही लपले होते ही आठवण, लोक एकमेकांना ओळखतात अशी लहान वस्ती, आणि नकाराचा सराव. छळाच्या आधीच या पाद्र्यांनी साध्या गोष्टींत सरकारला नाही म्हणायला सुरुवात केली होती. शाळेच्या झेंड्याला हात पुढे करून सलामी द्यायचा हुकूम आला, ती दिली नाही. सरकारप्रमुख पेताँच्या सन्मानार्थ चर्चची घंटा वाजवायचा हुकूम आला, तेव्हा घंटेची राखण करणाऱ्या बाईने ती वाजवली नाही. घंटा देवाची आहे, असं तिचं म्हणणं होतं. पहिला नकार एवढा लहान असला की दुसरा जमतो. वळचणीच्या कपबशीला ज्याने कधी हात लावला नाही, त्याला ऐन वेळी दार उघडायचं धैर्य कुठून येणार?

नॉर्वेत हेच वरच्या पातळीवर झालं. १ फेब्रुवारी १९४२ रोजी, नाझींच्या हातचं बाहुलं झालेला क्विसलिंग सत्तेवर बसला त्या दिवशी, त्रोंधाइमच्या कॅथेड्रलमध्ये दुपारच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना पोलिसांनी दारं अडवून रोखलं. बाहेर राहिलेले लोक कडाक्याच्या थंडीत तिथेच उभे राहून स्तोत्र गाऊ लागले. त्या महिन्यात देशातल्या सातही बिशपांनी राजीनामे दिले आणि ईस्टरला ९० टक्क्यांहून जास्त पाद्र्यांनी सरकारी पद सोडलं. पद सोडलं, काम सोडलं नाही. बारसं, लग्न, दफन सगळं चालू; फक्त पगार सरकारचा नाही, तो गावकऱ्यांनी गोळा करायचा. सरकारी पगारावरचा धर्मगुरू असा ताठ उभा राहू शकतो, ही गोष्ट मठ, देवस्थानं आणि ट्रस्टवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

आणि कुणी पाठीशी नसेल तर? ऑस्ट्रियातला फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी, गावच्या चर्चमध्ये झाडलोट आणि पूजेची तयारी करणारा. हिटलरच्या सैन्यात लढणार नाही म्हणाला. गावाने समजावलं, पाद्र्यांनी समजावलं, खुद्द बिशपने सांगितलं की तुला बायको आहे, तीन लहान मुली आहेत, त्यांचं बघ. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचं डोकं उडवण्यात आलं. युद्ध संपल्यावरही गाव त्याच्या बायकोकडे तिरक्या नजरेने बघत राहिलं. विधवेचं पेन्शन तिला कित्येक वर्षं नाकारलं गेलं. २००७ साली त्याच चर्चने त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली बाई समोर बसली होती. बर्लिनचे पाद्री लिख्टेनबर्ग १९३८ पासून रोज संध्याकाळी भर चर्चमध्ये ज्यूंसाठी प्रार्थना करत. तक्रार केली ती प्रार्थना ऐकणाऱ्या दोन मुलींनी. दाखाऊच्या छावणीकडे नेताना वाटेतच ते गेले. एकट्याच्या नकाराने सत्ता हलत नाही. त्याचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिला जातो, आणि येगरश्टेटरची वही उघडायला चर्चला ६४ वर्षं लागली.

मॉन्टगोमेरीचा बस-बहिष्कार सगळ्यांना माहीत असतो तो रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने. तो ३८१ दिवस चालला, डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६. एवढे दिवस चालायला पैसा लागतो, पेट्रोल लागतं. चर्चनी स्वतःच्या नावावर मोटारी घेतल्या आणि लोकांना कामावर पोचवलं, विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तरीही. या पैशातला एक हिस्सा यायचा जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीकडून. कोर्टात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली होती. ती आणि तिच्या मैत्रिणी घरी तळलेली कोंबडी, केक, पाई करून विकत आणि आठवड्याच्या सभेत पैसे नेऊन देत. आपल्या गटाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘कुठूनच नाही मंडळ’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायकांची नावं त्यामुळे झाकलेली राहिली, आणि गुपचूप केक विकत घेणाऱ्या गोऱ्यांचीही. आपल्याकडच्या भिशी आणि भजनी मंडळांत याचं बीज तयारच आहे, पेरणारं कुणी हवं.

सरहद्द प्रांतात अब्दुल गफार खान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार उभे केले. पठाण, म्हणजे सूड हा ज्यांच्या रक्ताचा धर्म मानला जाई ती माणसं. त्यांनी देवाच्या नावाने शपथ घेतली की हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, रोज निदान दोन तास समाजाचं काम करीन. पांढरे कपडे मळतात म्हणून विटकरी रंगवले, आणि इंग्रजांना त्यात बोल्शेविक दिसले! २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा खवानी बाजारात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, लोक उभे राहिले. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंगांनी आणि त्यांच्या जवानांनी गोळी चालवायला नकार दिला आणि शिक्षा भोगली. हा नकार मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो गणवेशातल्या माणसाचा आहे. पण शेवट सांगायलाच हवा. १२ ऑगस्ट १९४८ रोजी बाब्ड्याला नव्या पाकिस्तानच्या पोलिसांनी याच खिदमतगारांवर गोळीबार केला, संघटना बंदीखाली गेली आणि गफार खान म्हातारपणापर्यंत तुरुंगात जात-येत राहिले. समोरच्याला तुमची गरजच नसेल, ना तुमच्या श्रमाची, ना पैशाची, ना संमतीची, तर शांत नकाराला पकड मिळत नाही. बसकंपनीला प्रवासी लागतात, चर्चला पाद्री लागतो, खरेदीखताला लेखणी लागते. पकड असते ती तिथे.

लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होई, कधी कधी मोजकीच माणसं. सात वर्षं. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी पक्षाने आपली काही शे माणसं दुपारीच आणून बाकांवर बसवली, म्हणजे लोकांना जागाच उरू नये. पाद्री फ्यूरर यांनी त्यांचं स्वागत केलं. आयुष्यात कधी चर्चमध्ये न आलेल्या त्या लोकांनी ती प्रार्थना सक्तीने ऐकली, आणि बाहेर ७० हजार लोक मेणबत्त्या घेऊन चालले. फ्यूरर सांगत की मेणबत्तीला दोन हात लागतात, एकाने धरायची, दुसऱ्याने वारा अडवायचा, मग दगडाला हात उरत नाही. महिन्याने बर्लिनची भिंत पडली. पण मला आठवतात ते मधले रिकाम्या बाकांचे सोमवार.

हे सगळं चाळताना एक गोष्ट सारखी समोर येते. या माणसांनी अन्यायाविरुद्ध नवीन असं काही काढलं नाही. पाहुण्याला वाढणं, उपास, चालणं, ठरल्या वारी जमणं, खाण्यातलं काही सोडणं, एकत्र गाणं, हे त्यांच्या धर्मात आधीच होतं. आमच्याही आहे, जरा जास्तच आहे. एकादशीला साबुदाणा खाणाऱ्याला ‘अमुक सोडा’ म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. पहिला नकार शत्रूला द्यायचा नसतो, तो आपल्याच बिशपला, बडव्यांना, गुरूला, सासूला, जातपंचायतीला द्यायचा असतो, आणि तिथे आपल्याला ‘घरातली गोष्ट’ आठवते. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराच्या लग्नाला जाणं हा महाराष्ट्रात आजही शांत प्रतिकारच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा इथे २०१७ पासून लागू आहे, पण त्या मांडवात पंगतीला बसायला कायदा येत नाही, माणूस लागतो.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याआधी करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याने स्वतःच्या बाबतीत हे स्टँप पेपरवर लिहून ठेवलं होतं, आपल्या मागे बायकोला कुणी हे करायला लावू नये म्हणून. १७ मे रोजी शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रकात सक्ती नाही. तेव्हा पुढच्या वेळी भावकीत कुणी गेलं आणि अंगणात एखादी म्हातारी दगड घेऊन त्या बाईच्या हाताकडे वळली, तर तुम्ही पुढे व्हा. काही बोलू नका. म्हातारीला हाताला धरून सावलीत बसवा, पाणी द्या, आणि तो दगड आपल्या खिशात टाका.